अर्ध्यावर सोडलेला अध्याय

आमच्या मालकांचं घोरणं वडीगोद्रीत मशहूर होतं. मान आखूड, अंग भरलेलं. गाडी हाकतानाही त्यांना डुलकी लागायची आणि बैलच त्यांना घरी आणून सोडायचे. घोरणारा माणूस निवांत झोपतो, असं सगळे म्हणायचे, मीही म्हणायचे. मधेच ते घोरणं थांबायचं आणि मोठा आचका देऊन पुन्हा सुरू व्हायचं, हे मी कैक वर्षं ऐकत आले होते. स्वप्न पडलं असेल म्हणायचे आणि कूस बदलून झोपायचे.

सत्तर सालच्या पौषात तापाची साथ आली. देशोदेशी फिरून आलीय, असं रेडिओवर सांगायचे. घरोघर खोकला. मालकही पडले. नाक चोंदलं, ताप उतरेना. अंबडच्या डॉक्टरांचं औषध चालू होतं, तरी माझा धीर सुटला. खरं सांगते, देवावर भरवसा होता असं नाही, भीती होती. त्या भीतीपोटीच सात दिवसांचं पारायण बोलले. आमच्याकडे नेम कडक. अध्याय संपेपर्यंत आसन सोडायचं नाही की मधे बोलायचं नाही. उठलं तर पारायण खंडतं, आणि ज्याच्यासाठी बोललो त्याच्यावरच उलटतं, असं सासूबाईंनी मनावर बिंबवलेलं.

पाचव्या दिवशी दुपारी मालकांना आतल्या खोलीत उताणं निजवलं, वर दोन गोधड्या घातल्या आणि मी ओसरीत पोथी उघडली. त्यांच्या घोरण्यात ओवी हरवू लागली. मला राग आला. आजारी माणसाचा राग! मनात म्हटलं, देवा, घडीभर यांना गप्प कर.

तेवढ्यात एक म्हातारा घोंगडीवाला दारात आला. त्यानं पाणी मागितलं. मी वाचता वाचताच रांजणाकडे बोट केलं. पाणी पिऊन तो पायरीवर टेकला. जरा वेळानं आतलं घोरणं थांबलं. देवानं ऐकलं, असं वाटून मी आवाज चढवला.

"माय, आत कोण हाये?" म्हाताऱ्यानं विचारलं. "घोरून राह्यले होते, आता आवाज न्हाई."

मी हातानंच गप्प बस म्हटलं. तो उठून उभा राहिला.

"माझा भाऊ असाच गेल्ता. ही झोप न्हाई माय, दम अडकलाय. उठा, जल्दी!"

अध्यायाच्या दहा-बारा ओव्या उरल्या होत्या. आता उठले तर हे माझ्याच हातानं जातील, एवढंच डोक्यात. बोट ओवीवर तसंच राहिलं. मग मी कान दिला. आत काहीच नव्हतं. मी मागितलेली शांतता ती हीच, हे कळलं आणि पोथी उघडी टाकून धावले.

ओठ काळेनिळे पडले होते. छाती वरखाली होत होती, पण श्वास आत जात नव्हता. म्हातारा मागोमाग आला. दोघांनी त्यांना ओढून कुशीवर केलं. मोठा आचका आला आणि श्वास सुटला. मी तिथंच खाली बसून रडले. म्हाताऱ्यानं दोन घोंगड्या गुंडाळून त्यांच्या पाठीशी लावल्या. "उताणं बिलकुल निजवू नका," म्हणाला. "घोंगड्या राहू द्या, परत येताना नेतो."

तो परत आलाच नाही. पार हसनाबादेपर्यंत निरोप धाडून विचारलं, कुणाला माहीत नव्हता. तो कोण होता, यावर मी वाद घालत नाही. तहानलेला म्हातारा होता आणि त्याच्या भावाचं दुःख माझ्या कामी आलं.

चार दिवसांत ताप उतरला. उरलेल्या ओव्या मी मालकांच्या पायथ्याशी बसून, दर ओवीला त्यांच्या छातीकडे बघत वाचल्या. नेम मोडला होता, पण उलटलं काहीच नाही. मी देवाला आसनाशी बांधून ठेवायला निघाले होते, आणि तो पायरीवरून मला उठ म्हणत होता.

अजून दर पौषात पारायणाला बसते. घोंगड्या त्यांच्या पाठीशी असतात, घोरणं गल्लीपर्यंत जातं, ओवी हरवते. हरवू दे म्हणते. ते घोरणं थांबलं, की पोथी तिथंच ठेवते आणि आत जाते.