देवळाच्या भिंतीतली पोटगी

"साहेब, मला यातला एक रुपयाही मिळालेला नाही."

प्राजक्ता उभी राहून हे बोलली तेव्हा माझं वाक्य नुकतंच संपलं होतं. ते असं होतं: माझ्या अशिलाने बावीस महिन्यांत मुलीच्या पोटगीपोटी एक लाख दहा हजार रुपये भरले आहेत, पावत्या सोबत जोडल्या आहेत.

जजसाहेबांनी पावत्यांचा गठ्ठा उचलला. वरची पावती वाचली, मधली एक काढून वाचली, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, तुम्ही या वाचल्यात?"

वाचल्या नव्हत्या. मोजल्या होत्या. बावीस महिने, बावीस पावत्या, सगळ्यांवर शिक्का. सव्वीस वर्षं फॅमिली कोर्टात काढल्यावर माणूस अशी चूक करत नाही असं मी समजत होते.

पावतीवर सुहासच्या गावच्या ग्रामस्थ मंडळाचं नाव होतं. मंडळ मुंबईचं, लालबागचं. खाली सुहासचं नाव, पाच हजार रुपये, आणि तपशिलात दोन शब्द: बैठकीप्रमाणे. प्राजक्ताची सही कुठेच नव्हती.

"हे मंडळ या केसमध्ये पार्टी आहे?"

"नाही, साहेब."

"मग पैसे कुठे आहेत ते पंधरा दिवसांत सांगा. नाहीतर मी वॉरंट काढीन."

सुहास माझ्या मागे उभा होता. मी वळून पाहिलं तर तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो प्राजक्ताकडे बघत होता, तोंड उघडं टाकून.

नावं मी बदलली आहेत. बाकी प्रकरण जसं घडलं तसं सांगते.

सुहास आणि प्राजक्ताचा घटस्फोट संमतीने झाला होता. अशा वेळी दोघं अटी लिहून कोर्टात देतात. त्यांना कन्सेंट टर्म्स म्हणतात. कोर्टाने त्यावर शिक्का मारला की त्या कोर्टाचा हुकूम होतात. यांच्या टर्म्समध्ये मुलीसाठी, सईसाठी, महिना बारा हजार लिहिले होते. तेव्हा सुहास लोअर परळच्या एका छापखान्यात सुपरवायझर होता, पगार चाळीस हजार. पुढे मालकाने छापखाना भिवंडीच्या पलीकडे नेला आणि जुनी माणसं काढून टाकली. सुहासला रे रोडला लाकडाच्या वखारीत हिशेब लिहायचं काम मिळालं. पगार एकवीस हजार. त्यात बारा हजार देणं शक्य नव्हतं, हे कुणालाही पटलं असतं. कोर्टालाही पटलं असतं. पण कोर्टाला कुणी विचारलंच नाही, आणि बावीस महिन्यांनी प्राजक्ताने थकबाकीसाठी अर्ज केला.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी त्याला बाकावर बसवलं.

"पगार कमी झाला तेव्हा वकिलाकडे का नाही आलात?"

"बैठकीत गेलो ना, मॅडम."

"कसली बैठक?"

"गावाची. लालबागला खोली आहे आमच्या गावाची. माझे आजोबा मिलमध्ये होते तेव्हापासूनची. जमिनीची वाटणी असो, सोयरीक असो, आमचं सगळं तिथे ठरतं. तिथे ठरलं म्हणजे ठरलं. त्यांनी पाच हजार ठरवले. म्हणाले, कोर्टात जाऊन वकिलाला कशाला पैसे घालतोस?"

हे शेवटचं त्याने माझ्या तोंडावर सांगितलं. मी सोडून दिलं.

"आणि प्राजक्ताला कोण देणार होतं?"

"खजिनदार. तात्या. तिने मंडळात येऊन सही करायची आणि घेऊन जायचे, असं ठरलं होतं."

"ती यायची का, कधी विचारलंत?"

तो म्हणाला, "तीन महिन्यांनी तिने सईला माझ्याकडे पाठवायचं बंद केलं. फोन ब्लॉक केला. मला वाटलं, पाच हजारांवर रागावलीय. म्हणून मी महिना चुकवला नाही. एक महिना चुकवला नाही, मॅडम. भावाच्या लग्नालाही गावी गेलो नाही, गाडीभाडं वाचवलं."

यावर मी त्याला साधं गणित सांगितलं. कोर्टाच्या हुकुमाने झालेली बाकी दोन लाख चौसष्ट हजार. पाच हजारांचा ठराव कोर्टाच्या लेखी अस्तित्वातच नाही. कोर्टाबाहेर पैसे दिले तर ते समोरच्याच्या हातात पडले पाहिजेत आणि कोर्टात नोंदले गेले पाहिजेत. तिसऱ्या माणसाला दिलेला पैसा म्हणजे न दिलेला पैसा. वॉरंट निघालं तर दिवाणी कैद होऊ शकते. कैद भोगून बाकी फिटत नाही. उलट वखारीतलं काम जाईल आणि मग सईला पाच हजारही मिळणार नाहीत.

"पण पैसे तात्यांकडे आहेत ना," तो म्हणाला. "ते दिले की झालं. निम्मं तरी फिटेल."

हिशेबात निम्मंही फिटत नव्हतं. पण मलाही तेव्हा तोच आधार वाटला होता.

खोली महिन्याच्या दुसऱ्या रविवारी उघडते. मी गेले. मला पक्षकारांबरोबर हिंडायची सवय नाही, पण पावत्या न वाचल्याचा राग स्वतःवरच होता. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर दहा बाय बाराची जागा. भिंतीला लागून कुलूप लावलेल्या पत्र्याच्या ट्रंका, वर गावच्या देवाची तसबीर. पंधरा-वीस पुरुष सतरंजीवर बसलेले. बाई मी एकटी. मला एकमेव खुर्ची दिली आणि चहा आला.

तात्या सत्तरीचे, धुतलेला पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. माणूस चोर वाटत नव्हता. चोर नव्हताच. वही उघडून त्यांनी मला सुहासचं पान दाखवलं. बावीस नोंदी, सुवाच्य अक्षर, खाडाखोड नाही.

"मग रक्कम आहे तुमच्याकडे?" मी विचारलं.

"दहा हजार आहेत."

"एक लाख दहा हजार जमा झालेत."

"झाले ना. पण ती बाई काय आलीच नाही. आम्ही दोनदा निरोप धाडला. पैसे नुसते पडून होते. तिकडे देवळाच्या सभामंडपाचं काम अडलं होतं, पत्रे टाकायचे होते, पाऊस तोंडावर." तात्यांनी खिशातून मोबाईल काढला. चेहऱ्यावर चक्क कौतुक होतं. "हे बघा. त्याच्याच नावाने लावलंय. आम्ही काय खाल्ले काय?"

फोटोत संगमरवरी फरशी होती, देवळाच्या भिंतीत बसवलेली. देणगीदारांची यादी. तिसऱ्या ओळीत सुहासचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. पुढे रुपये एक लाख.

मी बऱ्याच गोष्टी पाहिल्या आहेत. नवऱ्याने पोटगी चिल्लरमध्ये आणलेली पाहिली आहे. बायकोच्या खात्यावर भरलेले पैसे सासूने काढलेले पाहिले आहेत. पण मुलीची शाळेची फी देवळाच्या भिंतीत चुन्याने बसवलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. चहाचा कप हातात तसाच राहिला.

सुहासने मोबाईल हातात घेतला. बराच वेळ बघितलं.

"तात्या, मला विचारायचंत तरी."

"अरे, सरप्राइज होतं. तू गावी आलास की दाखवणार होतो."

"मी गावी येत नव्हतो पैसे वाचवायला! हे पैसे भरायला!"

कोपऱ्यातला एक म्हातारा पुटपुटला, "देवाचं देवाला गेलं," आणि सुहास एवढ्या जोरात "काका, गप बसा!" म्हणाला की बाहेर गॅलरीतली बाई डोकावली.

पुढची तारीख कोर्टात नव्हती, काउन्सेलरच्या खोलीत होती. जजसाहेबांना मी सगळं खरं सांगितलं होतं, फोटोसकट. त्यांनी फोटो पाहिला, परत दिला आणि म्हणाले, "तुमच्या अशिलाने माझा हुकूम अपिलासाठी गावात नेला होता म्हणा की." मग दोघांना बोलायला पाठवलं.

प्राजक्ता दादरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, गिरगावात आईकडे राहते. ती येताना सईच्या शाळेची नोटीस घेऊन आली होती. फी थकलेली, तिसरं स्मरणपत्र. निरोप मिळाले होते का, मी विचारलं.

"मिळाले होते. लालबागला ये, सही कर, पैसे घेऊन जा. किती पैसे, कुणाचे, काही नाही. मी का जाऊ? त्या खोलीत मी लग्नानंतर एकदा गेले होते, पाया पडायला. आता घटस्फोट झाल्यावर वीस पुरुषांसमोर हात पसरायला जाऊ? माझ्याकडे कोर्टाचा कागद आहे. बँकेत खातं आहे."

तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. मी विरुद्ध बाजूची वकील, तरी मान हलली.

मी तिला मोबाईल दिला. तिने फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि ओठ हलवत वाचला. नंतर सुहासकडे पाहिलं. बावीस महिन्यांत बहुधा पहिल्यांदा.

"म्हणजे तू खरंच भरत होतास?"

"दर महिन्याला."

"आणि मी सईला सांगत होते, बाबा देत नाहीत म्हणून." तिने मोबाईल टेबलावर ठेवला. "माझ्या मुलीची फी आहे ही. निदान तिचं नाव तरी घालायचं होतं."

सुहासने रुमाल काढला. मी घड्याळ पाहिलं, कारण काउन्सेलरकडे आमची वीस मिनिटंच उरली होती आणि आकडे ठरायचे होते.

प्राजक्ताने एक रुपया सोडला नाही, आणि मी सोड म्हणालेही नाही. मागची बाकी ही मुलीची असते, आईने उदार होऊन सोडायची नसते. ठरलं ते असं. पुढची पोटगी सुहासच्या आजच्या पगारावर, महिना सात हजार. त्यासाठी मी रीतसर अर्ज केला, पगाराच्या स्लिपा आणि शपथपत्र जोडून. मागची बाकी दोन लाख चौसष्ट हजार पूर्ण मान्य, त्यातले महिना चार हजार हप्त्याने. सगळं थेट तिच्या बँकेत. त्याच्या हातात दहा हजार उरतात. त्यात भागवणं त्याचं काम. दर रविवारी सई दुपारपर्यंत त्याच्याकडे. जजसाहेबांनी हुकूम केला, वॉरंट टळलं.

राहिलं मंडळ. त्यांना मी नोटीस पाठवली, एका पानाची. दुसऱ्याच्या मुलीचे पैसे देणगी म्हणून वळवले तर त्याला काय म्हणतात ते त्यात स्पष्ट लिहिलं होतं. तात्या घाबरले नाहीत, पण त्यांना लागलं. पुढच्या बैठकीत घरटी वर्गणी काढली आणि चार महिन्यांत एक लाख दहा हजार उभे केले. प्राजक्ताला निरोप आला: खोलीवर येऊन चेक घेऊन जा. तिने मला फोन करून विचारलं, जावंच लागेल का. मी म्हटलं, नाही. मग तात्या स्वतः दोन माणसं घेऊन गिरगावात तिच्या दारी गेले. तिने उंबऱ्यात उभं राहून चेक घेतला, नाव आणि आकडा तपासला, मग सही दिली. तेवढी रक्कम बाकीतून वजा झाली. उरलेल्या बाकीचे हप्ते अजून चालू आहेत.

या प्रकरणानंतर माझी एक सवय बदलली. पूर्वी पोटगी थकलेला माणूस आला की मी विचारायचे, किती दिलेत? आता आधी विचारते, कुणाच्या हातात दिलेत? आणि पगार कमी झाला असेल तर एकच सांगते: त्याच आठवड्यात कोर्टात अर्ज करा. पुढची रक्कम कोर्ट कमी करू शकतं. साचलेली बाकी तुम्ही गप्प बसलात म्हणून कमी होत नाही.

सुहास मेमध्ये सईला घेऊन गावी जाऊन आला. फरशी अजून भिंतीतच आहे म्हणाला. काढायला गेलं तर तुटेल, आणि बाकीच्या देणगीदारांची नावंही जातील, म्हणून मंडळाने ती ठेवली. त्यावर आपलं नाव राहिलं तर चालेल का, असं तो मला विचारत होता.

चालेल, म्हटलं. फक्त ती पावती समजू नका.