सोळावा नंबर

एस्सीबाई नागावकर चिडल्या की आधी चष्मा काढतात. त्या दिवशी सुपरिंटेंडंटसमोर त्यांनी तो काढला, तेव्हाच मी म्हटलं, आता याची काही धडगत नाही.

इकडे परदेशात, कोक्विटलामजवळच्या जेलच्या दवाखान्यात बाई वीस वर्षं नर्स, आणि मी विजयालक्ष्मी, तिथलीच औषधांची क्लार्क. बाई मूळच्या रेवदंड्याच्या, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. शुक्रवारी शब्बाथचे दिवे लावायला सूर्यास्ताआधी घरी म्हणजे घरी. बाकी दिवस तोंडाचा पट्टा चालू. गोऱ्या कैद्यालासुद्धा मराठीत "मेल्या, आधी पाणी पी" म्हणणार, आणि तो पिणार.

भांडण क्षितिजवरून होतं. सांगलीहून इथे कॉलेजला आलेला पोरगा. पार्ट-टाइमला वेअरहाऊसमध्ये पेट्या उचलताना पाठ गेली, दुखण्याच्या गोळ्या घेता घेता व्यसन लागलं, मग चोरी, मग दोन महिने जेल. शुक्रवारी सुटणार होता. दोन महिन्यांत शरीराची सवय मोडते. बाहेर जाऊन जुन्याच मापाने घेतलं की माणूस जागच्या जागी संपतो. म्हणून तलफ मारणारं औषध सुटायच्या आधी सुरू करावं लागतं. पण ते एका वेळी मिळणार फक्त पंधरा जणांना, आणि क्षितिज यादीत सोळावा.

"बजेट नाही," सुपरिंटेंडंट म्हणाला.

"व्यसन लावलं म्हणून गोळ्यांच्या कंपन्यांकडून सरकारने पैसे वसूल केले, ते याच पोरांसाठी ना? त्यातून आणलंत काय, तर मशीन!"

मशीन म्हणजे कैद्याने पोटात लपवलेला माल दाखवणारा स्कॅनर. तो म्हणे व्यसनमुक्तीच्या खर्चात बसतो! बुधवारी त्याचं उद्घाटन झालं. केक काय, फोटो काय! दाखवायला एक कैदी हवा, तर आणलं कोणाला? क्षितिजला! जनाची नाही तर मनाची तरी? पोरगं हात वर करून उभं राहिलं. पडद्यावर काहीच दिसलं नाही. "क्लीन!" म्हणत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"औषधसुद्धा नाही त्याच्या पोटात!" बाई सगळ्यांदेखत ओरडल्या. "परवा सुटतोय तो. वाजवा टाळ्या!"

बाईंना दोन दिवस घरी बसवलं. शुक्रवारी मात्र त्या दिवे लावायला थांबल्या नाहीत. क्षितिजच्या औषधासाठी बाहेरच्या क्लिनिकची अपॉइंटमेंट घेतली आणि गाडी घेऊन जेलच्या गेटवर येऊन उभ्या राहिल्या. सुटका नेहमी दुपारी चारला होते. पाच वाजले, काम संपवून मीही त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. सहा वाजले, अंधार पडला. शेवटी मी आत जाऊन विचारलं. क्षितिजला सकाळी सातलाच सोडून दिलं होतं. दवाखान्याला कळवावं असं एकालाही वाटलं नव्हतं.

रविवारी तो एका बेसमेंटमध्ये मेलेला सापडला.

सोमवारी त्या पंधरातला एक कैदी दुसऱ्या जेलमध्ये गेला, यादीत जागा रिकामी झाली. माझ्या टेबलावर कागद आला: पुढचा नंबर, क्षितिज, औषध मंजूर. माझं डोकंच फिरलं. मी नाव खोडायला पेन उचललं.

"खोडू नकोस, विजू," बाई म्हणाल्या.

त्यांनी औषध नीट मोजून छोट्या कपात घातलं, तरातरा सुपरिंटेंडंटच्या खोलीत गेल्या, कप त्याच्यासमोर ठेवला आणि चष्मा काढला.

"सोळावा नंबर आलाय. जा, देऊन या."