लाद्यांचं दूध

गच्चीवरच्या लाद्या उन्हाने दोनदा सुटल्या, तेव्हा मी चिडून गवंडीच बदलला. नवा म्हणाला, चिकटवायची पावडर पाण्यात नाही, डब्यातल्या पांढऱ्या, रबरासारख्या द्रावणात कालवायची. त्याला तो ‘दूध’ म्हणे.

“वयनी, दूद हाडा!” त्याने हाक मारली. मी डबा घेऊन वर पोचले, तर सासूबाई गायीच्या दुधाचा तांब्या पावडरच्या घमेल्यावर तिरका करत होत्या. कामाआधी शुभ म्हणून शिंपडायला मागितलं, असं त्यांना वाटलेलं. मी ओरडून त्यांचा हात धरला. त्यांनी फणकाऱ्याने खाली जाऊन दूध तुळशीला घातलं.

यंदा मे महिन्यात मी एकेक लादी ठोकून पाहिली. एकही पोकळ वाजली नाही. माझा जीव भांड्यात पडला.

“बघ गो,” सासूबाई म्हणाल्या, “माज्याच दुदान धरल्यो.”