फिलू मावशीचा सीलबंद रिपोर्ट

मशीनने आकडा दिला, सहाशे बारा. मी सॅम्पल पुन्हा लावलं. सहाशे पाच. सकाळचे कंट्रोल बरोबर आले होते. कंट्रोल म्हणजे ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत असतं असं सॅम्पल. ते बरोबर आलं की मशीन खरं बोलतंय असं धरायचं.

मशीन खरं बोलत होतं. ट्यूबवर पेशंटचं नाव नव्हतं, फक्त ट्रायलचा नंबर होता, सतरा. पण त्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालेला ट्रायलमधला पेशंट एकच होता. सतरा नंबर म्हणजे फिलू मावशी.

दुपारचे चार वाजले होते.

फिलू मावशी म्हणजे फिलोमिना, आमच्याच हॉस्पिटलमधली आया. मरोळच्या गावठाणातली ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईची मूळची ख्रिश्चन बाई. मेट्रोने घाटकोपरला यायची आणि आयसीयूतली सॅम्पल्स खाली आमच्या लॅबमध्ये पोचवायची. मी या लॅबमध्ये लागले त्याच्या आधीपासून ती हे काम करत होती. ट्रे टेबलावर ठेवायची आणि ओरडायची, "वानखेडे, घे गं, तुझी वरात आली!" मी बायोकेमिस्ट्रीची इन-चार्ज झाले, बाकी सगळे मॅडम म्हणायला लागले. ही नाही. माझे वडील वाशिमहून आले आणि साकीनाक्याला प्रेस मशीनवर राबले, हे तिला ठाऊक होतं. माझ्या दोन बाळंतपणांत तिने घरून डबे आणले होते. लहानपणी आलेल्या कसल्याशा तापाने तिच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती. जिना चढताना दम लागायला लागला, तेव्हा कुठे ती ऑपरेशनला तयार झाली.

आता हा सहाशे बारा आकडा काय, ते सांगते.

किडनी कशी आहे हे बघायला आपण क्रिएटिनिन करतो. क्रिएटिनिन म्हणजे आपल्या स्नायूंतून रोज निघणारा कचरा. किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी थकली की तो रक्तात साचतो. पण साचायला वेळ लागतो, एक दिवस, कधी दोन. चाळीत मोरीचा पाइप फुटला तर पाणी घरात यायला जसा वेळ लागतो, तसं. तुम्हाला ओलावा दिसतो तोवर भिंत आतून भिजलेली असते. एनगॅल नावाचं एक प्रोटीन आहे. किडनीच्या पेशींना मार बसला की ते काही तासांतच वाढतं. हृदयाच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये रक्त मशीनवरून फिरवतात, त्यात किडनीला फटका बसू शकतो. तो कोणाला बसलाय हे एनगॅलवरून आधी कळेल का, हे तपासायला आमच्याकडे ट्रायल चालू होती. किट देणाऱ्या कंपनीने मर्यादा दिली होती दीडशे. मावशीचं एनगॅल आलं होतं सहाशे बारा.

या ट्रायलची एक अट होती. डॉक्टरांना आकडा सांगायचा नाही. टेस्ट बरोबर निघते का एवढंच बघायचं होतं. आकडा कळला तर डॉक्टर उपचार बदलणार, मग टेस्ट बरोबर होती की चूक हे समजणार नाही. म्हणून रिपोर्ट पाकिटात सील करून कपाटात ठेवायचा. नियमात काही वावगं नाही. अशाच नियमांनी टेस्ट पारखल्या जातात. अट वाचून मीच सही केली होती.

मावशीचीही सही मीच घेतली होती. ती म्हणाली, "म्हणजे माझ्यावर शिकणार तुम्ही?"

"थोडं जास्तीचं रक्त घेणार, बस."

"घे गं. लोकांचं आणून देऊन पाय मोडले माझे. आता माझं घे."

आकड्याविषयीची अट मी तिला वाचून दाखवली होती. ती तिला किती कळली, ते मी विचारलं नव्हतं.

मी हेड सरांकडे गेले. आमच्या लॅबचे ते प्रमुख, ट्रायलही त्यांच्याच नावावर. त्यांनी आकडा बघितला, चष्मा काढला.

"क्रिएटिनिन किती आहे?"

"पॉइंट नऊ. नॉर्मल."

"लघवी?"

"होतेय म्हणतात."

"मग तू काय सांगणार त्यांना? एका मार्करवर? हे इन्फेक्शनमध्येही वाढतं, तुला माहितीये."

"सर, मावशी आहे ती."

"म्हणूनच सांगतोय. बाकीचे सोळा कोणाचेच नव्हते का? त्यांच्या वेळी आलीस तू माझ्याकडे?"

त्या सोळांतही दोघा-तिघांचे आकडे चढलेले होते. ती पाकिटं मी स्वतः चिकटवली होती आणि जेवायला गेले होते.

तरी मी आयसीयूला फोन लावला. रजिस्ट्रार डॉ. निखिल फोनवर आले. हुशार मुलगा, सकाळपासून उभाच असणार.

"डॉक्टर, फिलू मावशीच्या किडनीकडे जरा लक्ष ठेवा."

"का मॅडम? काही आलंय?"

"आलंय असं नाही. म्हणजे, जरा जास्त वाटतंय."

"काय जास्त? क्रिएटिनिन तर झकास आहे." मग ते थांबले. "मॅडम, हा ट्रायलवाला आकडा आहे का? तो आम्हाला सांगायचा नाही ना?"

"सांगत नाहीये. लक्ष ठेवा एवढंच म्हणतेय."

"ठेवतोच ना मॅडम. सगळ्यांकडेच ठेवतो."

फोन ठेवला. आकडा सांगितला असता तर नियम मोडला असता. काहीच बोलले नसते तर निदान नियम पाळला असता. मी मधलंच काहीतरी केलं. मी ना नियम पाळला ना माणूस जपला. आयसीयू आमच्या वर दोनच मजल्यांवर आहे. मी वर गेले नाही. पाच वाजता पर्स उचलली आणि मुलुंडला घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं पुढचं सॅम्पल आलं. नऊशे चाळीस. क्रिएटिनिन एक पॉइंट दोन, म्हणजे कागदावर अजून ठीकच. मी या वेळी कोणाला विचारलं नाही, थेट वर गेले. फाइल उघडली. पहाटे ताप आला होता, म्हणून अमिकासिन सुरू केलं होतं. चांगलं अँटिबायोटिक आहे, पण किडनीला जड. छातीची जखम दुखत होती म्हणून पेनकिलरचं इंजेक्शनही दोनदा दिलेलं. तेही किडनीला वाईटच. ज्या किडनीला काल ऑपरेशनमध्येच मार बसला होता, तिच्यावर रात्रीत आणखी दोन ओझी टाकली होती. आणि टाकणाऱ्यांचा दोष काय? त्यांच्यासमोरच्या कागदावर सगळं नॉर्मल होतं.

मावशी जागी होती. नळ्यांमुळे आवाज घोगरा झाला होता. म्हणाली, "तू वर कशी गं आलीस? तुझी माणसं कुठे गेली?"

"तुला बघायला आले."

"बघ. जिवंत आहे." आणि हसायला गेली तर खोकला आला.

मी सर्जनना गाठलं. दोन्ही आकडे सांगितले. अट मोडली. ते राउंडच्या घाईत होते, तरी थांबले.

"मॅडम, कालच्या चार वाजताचा आकडा मला आज अकराला सांगताय?"

"हो सर."

"आणि आता मी काय करू? ताप एकशे दोन आहे. नवीन झडप बसवलीये. तिला इन्फेक्शन लागलं तर संपलं सगळं. तुमचं मशीन म्हणतं म्हणून अँटिबायोटिक काढू?"

"दुसरं देता येईल ना सर? किडनीला हलकं?"

त्यांनी विचार केला. पेनकिलर बंद केलं. सलाईन वाढवलं. अमिकासिनबद्दल म्हणाले, कल्चर येऊ दे, म्हणजे रक्तात कोणते जंतू आहेत ते कळू दे, मग बदलू. कल्चरला दोन दिवस लागतात. त्यांचंही चूक होतं असं आजही मी म्हणू शकत नाही.

कल्चर आलं तेव्हा जंतू काहीच नव्हते. क्रिएटिनिन दोन पॉइंट नऊ होतं आणि लघवी जवळजवळ बंद. अमिकासिन काढलं, डायलिसिस लावलं. आता लॅबमध्ये तिचे रिपोर्ट दिवसातून चारदा यायला लागले आणि ते सगळे लाल होते. आता सगळ्यांना दिसत होतं. आता माझी गरज कोणालाच नव्हती.

तिची मुलगी सँड्रा अंधेरीला कुरियर कंपनीच्या ऑफिसात कामाला होती. सातव्या दिवशी ती लॅबच्या दारात येऊन उभी राहिली. मी तिला शाळेच्या गणवेशात पाहिलेलं.

"आंटी, वॉर्डात बोलतायत की लॅबला पहिल्याच दिवशी कळलं होतं. खरंय?"

मी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"खरंय."

"कधी?"

"ऑपरेशनच्याच दिवशी. दुपारी चारला."

"आणि डॉक्टरला?"

"दुसऱ्या दिवशी. अकराला."

तिने बोटांवर काही मोजलं नाही, रडली नाही, आवाज चढवला नाही. मला वाटत होतं तिने चढवावा.

"मम्मीला सांगायचंत ना," ती म्हणाली. "तिला तरी सांगायचंत. तिने ओरडून ओरडून सगळ्यांना उठवलं असतं."

खरं होतं ते. हॉस्पिटलमध्ये कोणाला कसं हलवायचं हे मावशीला आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. आणि ती त्या दिवशी संध्याकाळी शुद्धीवर आली होती. तिच्या रक्ताविषयी तिला सांगायचं, हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं.

"वेळेवर कळलं असतं तर वाचली असती का किडनी?"

"माहीत नाही गं. कदाचित. औषधं तरी दिली नसती."

"कदाचित," सँड्रा म्हणाली आणि गेली.

नंतर छातीत पाणी झालं, न्यूमोनिया झाला, पुन्हा व्हेंटिलेटर लागला. अकराव्या दिवशी सकाळी दहा वाजता फिलू मावशी गेली. आदल्या दिवशी घेतलेलं तिचं सॅम्पल तेव्हा माझ्या मशीनवर होतं. मी ते पूर्ण होऊ दिलं. का, ते सांगता येणार नाही. मरोळच्या चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसले. सँड्राने मला पाहिलं आणि मान हलवली. एवढंच.

हॉस्पिटलमध्ये मीटिंग झाली. हाय रिस्क पेशंट, जुना आजार, ऑपरेशन लांबलं, असं लिहिलं गेलं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी अट मोडल्याचं स्वतःहून सांगितलं. मला मेमो मिळाला. तो मिळायलाच हवा होता, फक्त कारण वेगळं हवं होतं. मला विचारलं असतं तर मी लिहिलं असतं, एकोणीस तास उशीर.

ट्रायल पुढे संपली. पाकिटं उघडली, आकडे जुळवले. कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन आला आणि हेड सरांच्या केबिनमध्ये त्याने तक्ता दाखवला. सतरा नंबरची ओळ हिरवी होती. हिरवा म्हणजे टेस्टने आजार आधीच बरोबर ओळखला.

"मॅडम, ही तर तुमची बेस्ट केस आहे," तो म्हणाला. "क्रिएटिनिनच्या दोन दिवस आधी! असं क्लीन प्रेडिक्शन मिळत नाही."

हेड सर खिडकीबाहेर बघत राहिले. तो काही चुकीचं म्हणत नव्हता.

ती टेस्ट आता आमच्याकडे रोजची झाली आहे. मर्यादेच्या वर आकडा आला की मी जिना चढून जाते, डॉक्टरांच्या हातात कागद देते आणि पेशंट शुद्धीवर असेल तर त्यालाही सांगते. कधी ऐकतात, कधी नाही. नव्या टेक्निशियनना मी एकच गोष्ट शिकवते. अशी टेस्ट आपण ती खरी ठरावी म्हणून करत नाही. वेळेवर सांगून आजार टळावा आणि ती खोटी ठरावी म्हणून करतो.