घुम्याचा बिनआवाजी डबा

लहानपणी चार प्रश्न विचारले की एकाचं उत्तर द्यायचा, म्हणून घरात त्याचं नाव घुम्या पडलं. आता तो सत्तेचाळीस वर्षांचा आहे, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो, गिऱ्हाइकांशीही मोजकंच बोलतो. ताई मात्र घडाघडा बोलते. तिचा व्यवसायच बोलण्याचा: तोतरी मुलं, पक्षाघातानंतर अडखळणारी माणसं. ज्यांचं स्वरयंत्र काढायची वेळ आली आहे, त्यांचा आवाज ती ऑपरेशनआधी रेकॉर्ड करून ठेवते. त्यावरून पुढे मशीन त्या माणसाच्या आवाजात बोलू शकतं.

तीन दिवस दवाखान्यात आणि दोन दिवस घरी असं तिचं काम. रेकॉर्डिंग खासगी, इंटरनेटवर ठेवायची नाहीत, हा तिचा नियम. ती साठवायला दोन्हीकडे नेता येईल असा छोटा सर्व्हर तिला हवा होता, आणि मायक्रोफोनशेजारी ठेवूनही तो ऐकू येता कामा नये. "बाजारातले सगळे भुंग्यासारखे गुणगुणतात," ती म्हणाली. "तूच करून दे."

घुम्याने चार महिने घेतले. पंखा काढून टाकला. उष्णता ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्यातून बाहेर जाईल असं केलं. परवडेल अशा न फिरणाऱ्या डिस्कमध्ये ताईचं बारा वर्षांचं काम मावेना, म्हणून फिरणाऱ्या दोन घेतल्या आणि रबरावर तरंगत्या बसवल्या. एकीवर लिहिलं जाईल ते दुसरीवरही. वीज गेली तर म्हणून आत बॅटरी. बाहेर लाकडी पेटी, आत लोकरी अस्तर. लुकलुकणारे दिवे पेटीआड गेले. डिस्क बिघडली की वाजणारा बझर एकदा चाचणीच्या रेकॉर्डिंगमध्येच वाजला, तेव्हा घुम्याने त्याची तार कापली. मेलवर इशारा येण्याची सोय मागाहून करू म्हणून राहिली.

ताईने पेटीला कान लावला. "हाही तुझ्यावरच गेलाय. मेला तरी कळायचं नाही."

"दोन डिस्क आहेत," घुम्या म्हणाला.

पुढच्या वर्षी ताईकडे एक निवृत्त बस कंडक्टर आला. घशाचा कॅन्सर. तीन आठवडे रोज येऊन त्याने दीड हजार वाक्यं वाचली. काही बायकोने लिहून दिली होती. 'चहात साखर कमी आहे' हे तिचंच. "रोज लागेल," ती म्हणाली. मग ऑपरेशन झालं.

नवव्या दिवशी ताई मशीनसाठी आवाज तयार करायला बसली, तर पेटीतलं काही उघडेना. घुम्याने ती दुकानात नेऊन तपासली. एक डिस्क सात आठवड्यांपूर्वीच गेली होती. दुसरी सोमवारी.

"सोमवारी काय केलंस?"

"काही नाही रे. पिशवीत घातली, दवाखान्यात नेली."

"बंद केली होतीस?"

"बंदच होती की." ती थांबली. "म्हणजे, मला वाटलं बंद आहे."

फिरती डिस्क धक्का सोसत नाही. आवाज नाही, दिवा नाही. वायर काढल्यावरही बॅटरीवर चालू असलेली पेटी कितीदा तरी तशीच उचलली गेली असणार.

"माझंच चुकलं," ताई म्हणाली.

"नाही. तुला कळेल असं मी काही ठेवलंच नव्हतं."

आधीच्या रुग्णांना त्यांचे आवाज केव्हाच देऊन झाले होते. राहिला होता तो कंडक्टर. माहिती परत काढून देणाऱ्या प्रयोगशाळेने दोन्ही डिस्क तशाच परत पाठवल्या: तबकड्यांवरचा थर खरवडला गेला आहे, काही निघणार नाही.

नवराबायको दुकानातच आले. कंडक्टरच्या गळ्याला पट्टी, हातात पाटी. घुम्याने कापलेल्या तारेपासून सगळं सांगितलं. अडखळत, पण काही न वगळता.

"म्हणजे दीड हजारांतलं एकही नाही?" बायकोने विचारलं.

"नाही."

"असं कसं होईल? मोबाइलमध्ये पाहिलं, तर प्रत्येक व्हिडिओत मीच बोलतेय. अहो, मला सगळं नको. कुठे कोपऱ्यात राहिलं असेल. नुसती हाक मिळाली तरी चालेल."

कंडक्टरने पाटीवर लिहिलं: 'हाक कधी मारली? शुक शुक करायचो.'

तिने वाचलं आणि त्याला कोपराने ढोसलं. "मग तेच द्या. शुक शुक."

कंडक्टर खांदे हलवून हसला. आवाज आला नाही. ती घुम्याकडे बघत राहिली.

प्रयोगशाळेचा कागद घुम्याच्या खिशात होता. तो त्याने काढला नाही. टेबलावरची डिस्क उचलली.

"बघतो," तो म्हणाला.

"कधी येऊ?"

घुम्याने शुक्रवार सांगितला.