ट्रॉलीच्या कारखान्यातली लाट

उसाची ट्रॉली पुढं आली की माझं डोकं आजही फिरतं. हंगामात बारामती-इंदापूर रस्त्यावर ट्रॉल्यांमागं अडकणं कुणाला चुकलेलं नाही. लोक उशीर होतो म्हणून चिडतात. मी फाळका बघून चिडते. फाळका म्हणजे ट्रॉलीचं मागचं दार. ते कशाकशातून कापून काढतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

नव्वदच्या दशकात मी बारामतीत ट्रॉल्या बनवणाऱ्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढायला होते. मालकांना सगळे तात्या म्हणत. ते वडिलांच्या ओळखीतले, आमच्याच समाजातले, आणि त्यांच्या भरवशावरच वडिलांनी मला तिथं धाडलं होतं. त्यामुळं तात्या पगार मालक म्हणून द्यायचे आणि नजर चुलता म्हणून ठेवायचे.

त्यांच्याकडून पाण्याचे टँकर नेणारा पुण्याचा एक बिल्डर एकदा काही फोटो घेऊन आला. त्याचा मुलगा परदेशात शिकायला होता, आणि तिथं फळीवर उभं राहून समुद्राच्या लाटेवरून घसरत यायला शिकला होता. सर्फिंग. इकडं आल्यावर त्याला सराव करता यावा, पुढं रिसॉर्टवर गिऱ्हाइकांनाही शिकवता यावं, म्हणून बापाला हौदात लाट काढणारं यंत्र हवं होतं. तात्यांना नाही म्हणता येत नसे. होईल की, म्हणाले.

त्यांची युक्ती सरळ होती. ट्रॉलीत पाणी भरायचं, जॅकनं उचलायचं आणि हौदात ओतायचं. जन्मभर ओतायचाच धंदा केलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? मी सांगितलं, लाट ओतत नाहीत, ढकलतात. ऐकतो कोण! कारखान्यामागं लांबलचक हौद बांधला, ट्रॉली पालथी केली, धबाककन आवाज झाला आणि काठावरचे सगळे नखशिखान्त भिजले. लाट काही आली नाही. सगळे पोट धरून हसले. मला हसू आलं नाही. माझं ऐकलं असतं तर एवढं सिमेंट आणि एवढे दिवस वाचले असते.

ढकलणं मला मेंढरांमुळं ठाऊक होतं. आजोबांकडं कळप होता. लोकर कातरायच्या आधी मेंढरं भीमेत धुवायची. पहिल्या एकदोघींना ओढून पाण्यात घालावं लागतं, मग मागचा सगळा कळप एकदम आत घुसतो. त्या रेट्यानं पाण्याचा एक सलग उंचवटा पुढं निघतो आणि पलीकडं, पाणी उथळ झालं की, कमरेतून वाकून मोडतो. लहानपणी मी मुद्दाम तिथं जाऊन उभी राहायचे.

तो उंचवटा मी कागदावर काढला. हौदाच्या एका टोकाला, तळाशी बिजागऱ्या लावून उभा केलेला जाड लोखंडी पत्रा. ट्रॅक्टरवर चालणाऱ्या जॅकनं वजन वर न्यायचं, खटका सोडायचा, वजन खाली येताना पत्र्याला पुढं रेटणार. दुसऱ्या टोकाला तळ चढता ठेवायचा, म्हणजे लाट तिथं मोडेल. वजनाला भंगारातला गुऱ्हाळाच्या चरकाचा रूळ मिळाला. त्या रुळालाही आमच्याकडं लाटच म्हणतात. लाटेनं लाट काढली, असं आमचा फिटर येईल त्याला सांगायचा.

पहिला पत्रा वाकला. दुसऱ्याच्या बिजागऱ्या उखडल्या. तळाचा चढ फोडून पुन्हा केला. शेवटी एका दुपारी फळीवर वाळूचं पोतं बांधून सोडलं, खटका ओढला, आणि फळी लाटेच्या उतारावरून पार दुसऱ्या टोकापर्यंत पळाली. मी काठानं तिच्याबरोबर धावत गेले. इतका आनंद मला लग्नातही झाला नाही, हे मी नवऱ्यालाही सांगितलंय.

आता मी उभी राहते, असं मी तात्यांना म्हटलं. मला पोहता येत होतं. भिगवणला मावशीकडं गेले की ट्रकच्या ट्यूबांवर फळी बांधून मी उजनीच्या पाण्यात तासन् तास उभी असायचे. फळीवर नेमकं कधी उठायचं हे पोतं सांगू शकत नव्हतं. तात्या म्हणाले, बघू. त्यांचं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. माझ्या लाटेवर पोतं चालत होतं, मी चालत नव्हते.

बिल्डर मुलाला घेऊन आला तेव्हा काठावर खुर्च्या मांडल्या, नारळ फोडला, आजूबाजूची माणसं जमली. मुलगा फळीवर पालथा झाला. लाट आली, तो उठला आणि पडला. पुन्हा तेच. त्याला समुद्राच्या लांब लाटेची सवय, आमची लाट आखूड. फळीचं मागचं टोक उचललं की त्याच क्षणी उठायला हवं. मी तसं सांगितलं. त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. यंत्रातच काहीतरी गडबड आहे, असं बिल्डर म्हणू लागला. मग तात्यांनी फिटरला उतरवलं. त्याला धड पोहताही येत नव्हतं. तो गटांगळ्या खाऊन वर आला तेव्हा खुर्च्यांवरचे हसत होते.

मी चपला काढल्या, ओढणी कमरेला घट्ट बांधली. तात्यांनी माझं कोपर धरलं.

“तू न्हाय,” ते हळूच म्हणाले. “माणसं बघत्यात.”

बिल्डर नमस्कार करून गेला, तो परत आला नाही. यंत्र नापास झालं. लाट बरोबर होती, हे सिद्ध करू शकणारं एकच माणूस त्या काठावर होतं, आणि त्याचं कोपर तात्यांच्या मुठीत होतं. या गोष्टीवर माझी आग अजून विझलेली नाही.

हंगाम तोंडावर आला. ट्रॉल्यांच्या ऑर्डरी आल्या, पत्रा कमी पडला, आणि तात्यांनी हौदातला पत्रा फाळक्यासाठी कापायला सांगितला. सकाळची वेळ होती. हौद अजून भरलेला होता, फळी भिंतीला टेकलेली होती. बाहेरचं कुणी नव्हतं. मी तात्यांकडं गेले. कापायच्या आधी एकदा, फक्त एकदा खटका सोडा, मला उभी राहू द्या, असं मी म्हणाले. आयुष्यात कुणापुढं इतकी अजीजी मी केलेली नाही.

तात्या रागावले नाहीत. मायेनंच बोलले.

“कशाला डिझेल जाळायचं, पोरी? आता बघाया कोण हाय?”

“मी हाय की,” मी म्हटलं.

तात्यांनी वळून हौदाकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, खरंच कोणी आलंय की काय म्हणून. मग गॅस कटरवाल्याला हात केला.