पंचामृतातील गोळी

माझ्या पत्नीला वैराग्य प्राप्त झाले आहे, हा शोध प्रथम आमच्या शेजारणीला लागला. मी संस्कृत शिकवण्यात आयुष्य घालवलेला मनुष्य. विरक्ताची लक्षणे मला मुखोद्गत होती. तरी ती प्रत्यक्ष माझ्याच स्वयंपाकघरात अवतरल्याचे मला उमगले नव्हते.

नरसिंहपुरी, भीमा-नीरेच्या संगमाजवळ आमचे घर आहे. हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांत हिचा आवाज पूर्वी दूरवरून ओळखू येई. तो हळूहळू विझत गेला. ही कोपरा धरून बसू लागली. बाळपणापासून पाठ असलेले स्तोत्र म्हणताना मध्येच थांबे आणि नृसिंहाच्या तसबिरीकडे पाहत राही, जणू पुढचा चरण आता त्यानेच सांगावा. भर वैशाखात अंगावर शाल घेई.

"गुरुजी, काकू आता आपल्यातल्या ऱ्हायल्या न्हाईत," शेजारीण हात जोडून म्हणाली. "काल मी सुनेची समदी गाऱ्हाणी सांगितली. एक शबूद बोलल्या न्हाईत. अशी शांती कुठं बघाय मिळती?"

"सुनेची गाऱ्हाणी मुकाट्याने ऐकणारा कोणीही तुला संतच वाटेल," मी म्हणालो.

परंतु गावाला बहुधा संताची निकड होती. बायका येता-जाता हिच्या पाया पडू लागल्या. ही पाय मागे घेत नसे, याचा अर्थ तिला देहभान उरले नाही असा लावण्यात आला. गावातील एक वयोवृद्ध बागाईतदार आहेत. सगळे त्यांना आबा म्हणतात. कोणाचा वाढदिवस असो वा कोणाच्या बैलाने शर्यत जिंकलेली असो, आबांचा फ्लेक्स चौकात लागल्यावाचून त्या घटनेला पूर्णत्व येत नाही. त्यांनी 'मौनसाधिकेचा' जाहीर सत्कार योजला.

मला मात्र अन्न गोड लागेना. एके दुपारी हिने मला विचारले होते, "आपली मुलगी कुठल्या गावी दिलीय हो?" मुलगी सणसरला दिलेली, लग्न हिनेच पुढाकार घेऊन ठरवलेले. त्या प्रश्नाने मी हादरलो. वैराग्यात मनुष्य लेकीला सोडील. पण तिचे गाव विसरेल, हे मला पटेना. ही माझ्यादेखत माझ्यापासून दूर निघाली होती.

वास्तविक औषध चालू होते. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून थायरॉइड मंदावल्याचे निदान केले होते आणि रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी दिली होती. मात्रा वाढवूनही गुण येत नव्हता. त्या प्रश्नानंतर मी हिला घेऊन पुन्हा बारामती गाठली.

"काकू, गोळी नेमकी कशी घेता?" बाईंनी विचारले.

"उपाशीपोटी. तीर्थाबरोबर."

"तीर्थ म्हणजे पाणीच ना?"

"पंचामृत."

बाईंनी लेखणी खाली ठेवली. "दूध, दही, तूप, मध, साखर! आणि हे उपाशीपोटी?"

आमच्या घरी तीर्थ हे खाण्यात धरत नाहीत. ही गोष्ट आम्हा दोघांना इतकी स्वयंसिद्ध वाटत होती की ती सांगण्यासारखी आहे, हेच सुचले नव्हते.

बाईंचे माहेर उसाच्या पट्ट्यातले. त्या म्हणाल्या, "गुरुजी, कारखान्याची गव्हाण पाहिलीत ना? तिच्यात ऊस पडला तर पुढे गाळप. काकूंच्या गोळीत थायरॉइडचे संप्रेरक आहे. मेंदूच्या पेशींत या संप्रेरकाला धरून घेणारे ग्राही असतात, ते त्या गव्हाणीसारखे. संप्रेरक येऊन ग्राहीला लागले की पेशीचे काम नीट चालते. ते पुरेसे आले नाही की मनाची उभारी, आठवण, चार माणसांत बसण्याची हौस, सगळेच थंडावते. दुधा-दह्यातल्या कॅल्शियमने तुमचा ऊस वाटेतच अडवलाय."

मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार यांवर मी उभ्या पंचक्रोशीत प्रवचने केली आहेत. ही चारही थोर तत्त्वे वाटीभर दह्यापायी खोळंबतात, याचा उल्लेख माझ्या एकाही प्रवचनात नव्हता.

"उद्यापासून साध्या पाण्याबरोबर घ्या. नंतर तासभर काही नको," बाई म्हणाल्या.

"देवाआधी मी तोंडात काही घालत नाही," ही पुटपुटली.

"अगं, औषधाने नियम मोडत नाही. शास्त्रात स्पष्ट आहे."

"शास्त्र तुमचं. नियम माझा."

कित्येक दिवसांत हिने मला प्रथमच खोडून काढले होते. मला वाद जिंकावासा वाटला नाही. उजाडताच देवाला शुद्ध जलाने स्नान घालावे, त्याच तीर्थाबरोबर हिने गोळी घ्यावी आणि पंचामृत मागाहून व्हावे, अशी तोड मी काढली. देवाने हरकत घेतली नाही. शेजारणीने घेतली. "पंचामृत मागं ढकललं? गुरुजी, तुमीच असं वागल्यावर आमी कुणाकडं बघायचं?"

काही आठवडे गेले. हिने शाल घडी करून ठेवली. मग एकदा आमटीत मीठ कमी पडल्याचा दोष हिने माझ्या बोलण्यावर ठेवला, आणि मी देवापुढे साखर ठेवली.

सत्काराचा दिवस मात्र ठरलेला होता. आबा बेत बदलतील, पण फ्लेक्स उतरवणार नाहीत. मंदिराच्या मंडपात शेजारणीने हिच्या खांद्यावर शाल घातली आणि गहिवरून सांगितले, "काकूंनी समद्या वस्तूंवरचा जीव काढून घेतलाय."

"संक्रांतीला नेलेलं माझं पितळी पातेलं आधी आणून दे," ही म्हणाली. "झाकणासकट."

मंडपात हशा उसळला. शेजारीण म्हणाली, "अगं बया! काकूंच्या ध्यानात हाय व्हय!"

आबा माझ्याकडे वळले. "गुरुजी, ह्यांचं मौन सुटलं की वो! आता त्या फ्लेक्सचं काय करायचं?"

उत्तर हिनेच दिले. "मागची बाजू कोरी असेल तर माझ्याकडे पाठवा, आबा. कुरडया वाळत घालीन."

कार्यक्रम आटोपला. मी मंडपाबाहेर येऊन दोघांच्या चपलांपाशी उभा राहिलो. आत बायकांचा घोळका हिच्याभोवती बसला होता, आणि ही त्यांना कोणाच्या सुनेचे काय चुकते ते सविस्तर सांगत होती. ऊन चढले. मी हाक मारली नाही.